तीनदा बुडवलेली बॅग

बोट बुडायला लागली तर काय काय घेऊन पळायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी लालबागची आहे. हे माझं म्हणणं नाही, आमच्या कप्तानचं.

"तुम्ही लोक गणपतीला गावी जाताना एका एसटीत अख्खं घर भरता," ती म्हणाली. "पॅकिंग तुझ्याकडे."

कप्तान दादरची. शिवाजी पार्काच्या मागच्या गल्लीत तिचा दातांचा दवाखाना आहे. सोमवार ते शुक्रवार ती लोकांना 'आ करा' म्हणून सांगते आणि शनिवार-रविवार वाऱ्याला. मराठी इतकं शुद्ध बोलते की तिच्यासमोर माझ्या तोंडून चुकून 'टेन्शन नको घेऊ रे' निघालं तरी माझीच एखादी दाढ ठणकते. तिची स्वतःची शिडाची बोट आहे, आणि त्या बोटीतून आम्ही चौघं मुंबईहून थेट सेशेल्सला निघणार होतो. कप्तान, मी आणि आणखी दोघं. ती दोघं अतिशय सज्जन असून या गोष्टीत कुठेच येत नाहीत, तेव्हा त्यांना इथेच नमस्कार करून निरोप देते.

मी बावन्न वर्षांची, एका खाजगी कंपनीत लोकांचे पगार काढणारी बाई. पंचेचाळिशीत ऑफिसातल्या मैत्रिणी झुंबाला जायला लागल्या. मीही गेले. समोरच्या आरशात स्वतःला उड्या मारताना पाहिलं आणि मला इतकं हसू लोटलं की शिकवणारीने बाहेर बसवलं. मग मी गिरगाव चौपाटीवर शिडाची छोटी होडी चालवायला शिकले. तिथे आरसे नव्हते. छोट्या होडीवरून मोठ्या बोटीवर गेले, मोठ्या बोटीवरून गोव्यापर्यंत जाऊन आले, आणि आता हे.

तर बॅग. तिला म्हणतात ग्रॅब बॅग. रंगाने भडक नारिंगी, पाणी आत शिरू नये म्हणून तोंड गुंडाळून क्लिप लावायची. भर समुद्रात बोट बुडायला लागली तर रबरी तराफा फुगवून पाण्यात टाकतात आणि त्यात उतरतात. उतरताना मागे वळून बघायला वेळ नसतो. एकच पिशवी उचलायची. कुणी येऊन वाचवेपर्यंत जगायला जे जे लागेल ते सगळं तिच्यात असलं पाहिजे.

कप्तानने नियम सांगितले. बॅग एका हाताने उचलता आली पाहिजे. पाण्यात पडली तर तरंगली पाहिजे. आणि जिन्यावरून उतरता उतरता ती म्हणाली, "हो, आणि तिला लांब दोरी बांधून ठेव. हातातून निसटली तर वाहून जायला नको."

पहिल्या दोन नियमांचं मी बघणार होते. दोरीचं खातं आमच्या घरात बाबांचं.

बाबा ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. सगळी नोकरी परळच्या गिरणीत, साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडायचा, हे काम त्यांनी गिरणी बंद पडेपर्यंत केलं. गिरणी गेली, आमची चाळ जाऊन तिथे लिफ्टची इमारत आली, पण बाबांच्या बोटांना अजून ते काम आठवतं. आमच्या घरातून कुणीही गावाला निघालं की सामानाची शेवटची गाठ बाबांची. मग ती पत्र्याची ट्रंक असो, खोका असो की चाकांची सूटकेस. सूटकेसला नंबरांचं कुलूप असतं, तिला आणखी सुतळी कशाला, असं माझ्या नवऱ्याने लग्नानंतर एकदाच विचारलं होतं.

"कुलूप चोरांसाठी," बाबा म्हणाले. "गाठ आपल्यासाठी."

कारण गाठीचं काम बांधून संपत नाही. जो गेला त्याने पोचल्यावर ती स्वतःच्या हाताने सोडायची आणि बाबांना फोन करायचा. 'पोचलो' म्हणायचं नाही. 'गाठ सोडली' म्हणायचं. मी ऑफिसच्या कामासाठी पहिल्यांदा दिल्लीला गेले, तेव्हा तिथल्या पॉश हॉटेलात, बॅग उचलून आणणाऱ्या माणसासमोर, गुडघे टेकून सुतळी सोडली आहे आणि फोनवर ओरडले आहे, "बाबा, गाठ सोडली!" तो माणूस बक्षीस न घेताच निघून गेला.

आणि या खेपेला बाबा म्हणाले, "माझ्याकडे गाठ मागू नको."

मी त्यांना सगळं नीट सांगितलं होतं. बोट भक्कम आहे, कप्तान अनुभवी आहे, या दिवसांत समुद्र शांत असतो. जाताना शिडाने जाऊ, येताना विमानाने येऊ.

"मगे जातानाय विमानान जा," बाबा म्हणाले.

बाबा लहानपणी मालवणहून आगबोटीने मुंबईला आले. त्या एका प्रवासात ते इतके ओकले की पुढे जन्मभर भाऊच्या धक्क्याच्या बाजूची हवाही त्यांना सोसली नाही. मला वाटलं, हे त्यातलंच असेल. मी थट्टा करायला गेले. तेव्हा ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "दर्यात सोडलेला परत येता काय गो? तुझ्या आवशीक मीच सोडून इलंय."

आईच्या अस्थी दर्यात सोडल्याला तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती. बाबा त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

"तू जा," ते म्हणाले. "तुका अडवणारो मी कोण? पण दर्याची बॅग मी बांधूचंय नाय."

जायचं तर ठरलंच होतं. रजा मंजूर, तिकीट काढलेलं. पण बाबांच्या गाठीशिवाय घराबाहेर पडायचं हे मी कधी केलं नव्हतं, आणि बावन्नाव्या वर्षी नव्याने शिकायची माझी तयारी नव्हती. मी पिवळी धमक, पाण्यावर तरंगणारी दोरी विकत आणली, तिचं वेटोळं त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, बघू कोण जास्त हट्टी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर दोरी गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेली, आणि तिच्यावर बाबांची लुंगी आणि दोन बनियन ऐटीत वाळत पडलेली.

मी ती सोडू शकले असते. बाबांची गाठ कुठल्या टोकाने सुटते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण सोडली नाही. हट्ट मला कुणाकडून आला हे तुम्हाला कळलंच असेल.

इकडे बॅग भरायला सुरुवात झाली आणि इमारतीत बातमी फुटली. आमच्याकडे लिफ्ट आली तरी दारं उघडी ठेवायची सवय गेलेली नाही. समोरच्या दारातल्या मावशी पदर खोचून आल्या. या मावशींनी मला पाळण्यात असल्यापासून पाहिलं आहे, त्यामुळे माझ्या पोटाची जबाबदारी आपली, अशी त्यांची समजूत आहे.

"बाय गो, ह्यां काय नेतंस?" त्यांनी माझी कोरडी, चौकोनी, परदेशी बिस्किटं वास घेऊन बाजूला ठेवली. "ह्यां कुत्रोय खाणार नाय."

"मावशी, ती जीव वाचवायला असतात. चवीला नसतात."

"जीव वाचवूचो तर चवीन वाचव!" असं म्हणून त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा आत ठेवला. स्टीलचा. मग चिक्की. मग आमसुलं, कारण पित्त होतं. मग एक नारळ.

"नारळ कशाला?"

"पाणी हा, खोबरा हा, आणि पाण्यात पडलो तर तरंगता. तुझ्या बॅगेपरास बरो!"

मी नारळ आत ठेवला. मग त्यांचं लक्ष माझ्या मासे पकडायच्या गळाकडे गेलं. गळ म्हणजे तंगूस, मासेमारीचा नायलॉनचा दोरा, आणि दोन आकडे, एवढ्याशा डबीत. मावशी गंभीर झाल्या. घरी गेल्या आणि मालवणी मसाल्याची पुडी घेऊन आल्या. "मासो गावलो तर बिनमसाल्याचो खातलंस?"

माझा नवरा शीवचा. वरणभात-तुपातला माणूस. पण लग्नानंतर आमच्याकडे राहायला आला आणि वर्षभरात आमच्या इमारतीच्या गणपतीत असा काही मुरला की आता दर वर्षी मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात तोच उतरतो. दुसऱ्या कुणाला पाट धरू देत नाही. त्यानेही हातभार लावला. छत्री दिली, इमारतीच्या लेझीम पथकाची शिटी दिली, आणि मंडळाचा भगवा टी-शर्ट दिला. "लांबून दिसतो," तो म्हणाला. "हेलिकॉप्टरला दाखव."

शनिवारी कप्तान तपासणीला आली. चहाचा कप हातात घेऊन आमच्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "बोट एका अंगावर कलली आहे. पाऊस आहे. पाणी घोट्यापर्यंत आलं आहे. बॅग उचल."

मी उठले. एका हाताने बॅगेचा पट्टा धरला आणि ओढला. बॅग हलली नाही. दुसरा हात लावला, कप्तान म्हणाली, "तो हात शिडीला धरलेला आहे." मी पुन्हा एका हाताने ओढलं. बॅग फरशीवरून वीतभर सरकली आणि आतल्या डब्याने खण्णकन आवाज केला. मी तोंड लाल होईपर्यंत जोर लावला, दाराच्या चौकटीपर्यंत पोचले आणि तिथेच बसकण मारली.

कप्तानने चहाचा घोट घेतला. "बोट बुडाली," ती म्हणाली.

मग तिने एकेक वस्तू बाहेर काढली. दारात मावशी उभ्या, सोफ्यामागे नवरा उभा, आणि मी फरशीवर. तिने छत्री उचलून सगळ्यांना दाखवली.

"तराफ्यात ऊन लागतं ना, मॅडम," नवरा म्हणाला.

"तराफ्याला छप्पर असतं."

"असं?" नवऱ्याला मनापासून आनंद झाला. "मग चांगलाय की तराफा!"

लाडवांचा डबा गेला. चिक्की मात्र राहिली, तिला कप्तानचा दातांचा आक्षेप असूनही. नारळ तिने हातात तोलला, मावशींकडे पाहिलं आणि म्हणाली, "तरंगतो, हे खरं आहे हं," आणि अतिशय आदराने मावशींच्या हातात परत दिला. मागे राहिलं ते सगळं कामाचं: आपण कुठे आहोत ते उपग्रहाला सांगणारं यंत्र, वॉकीटॉकी, लाल उजेडाच्या नळकांड्या, पाण्याची पाकिटं, औषधं, टॉर्च, उन्हाची तिरीप पाडून लांबच्या जहाजाला खूण करायचा आरसा, शिटी, गळ, चाकू, कागदासारखी पातळ, थंडीत अंगाभोवती गुंडाळायची चंदेरी चादर, माझा जादा चष्मा आणि पासपोर्ट. टी-शर्टही राहिला, कारण तो खरंच लांबून दिसतो. आणि मसाल्याची पुडी.

"ही राहू दे," कप्तान म्हणाली. "वजन नाही तिला."

इतका वेळ बाबा खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. ते त्यांनी सकाळीच शेवटपर्यंत वाचलेलं होतं. कागदामागून आवाज आला, "चाकू खंय ठेवलंस?"

"वरच्या कप्प्यात, बाबा."

"वर नको. हात घालशीत आणि कापून घेशीत."

मी चाकू बाजूच्या कप्प्यात ठेवला. वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. मी गॅलरीतल्या दोरीकडे पाहिलं. लुंगी वाऱ्यावर हलत होती.

"दोरी?" कप्तानने विचारलं.

"बांधायचीय," मी म्हटलं, जरा मोठ्याने. कागद हलला नाही.

रविवारी सकाळी बॅग तरंगते का ते बघायला गिरगाव चौपाटीवर जायचं ठरलं. उपग्रहाचं यंत्र आणि त्या नळकांड्या खऱ्या ठेवायच्या नाहीत, असा कप्तानचा हुकूम होता. चौपाटीवर चुकून लाल उजेड पडला तर पोलिसांना काय सांगणार? म्हणून मी त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या तूरडाळीच्या पुड्या ठेवल्या. पासपोर्टला काय वजन, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पाकिटात तसाच राहू दिला.

आम्ही खाली टॅक्सीत बसतोय तोवर बाबा चपला घालून आले.

"तुम्ही कुठे?"

"मीय येतंय. बुडताना बघूक."

आणि बाबा येतात म्हटल्यावर मावशीही आल्या.

चौपाटीवर कप्तान आधीच पोचली होती. ओहोटी लागलेली, वाळू ओली आणि कडक, फिरायला आलेली माणसं हात हलवत चाललेली. नवऱ्याने भेळेच्या एका बंद गाडीपाशी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणून बाबांना दिली. कप्तानने बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "दोरी नाहीच?"

"राहिली," मी म्हटलं.

"मग हातातून सोडायची नाही. कमरेएवढ्या पाण्यात जायचं, बॅग पाण्यावर टेकवायची, तरंगते का बघायचं आणि परत यायचं. समजलं?"

"समजलं, मॅडम," नवरा म्हणाला. "पाण्याचं काम माझ्याकडे द्या. मला सवय आहे."

सवय आहे, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही.

त्याने चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. पाण्याला बोटं लावून ती कपाळाला लावली. मला तिथेच शंका यायला हवी होती. मग त्याने बॅग उचलली, ती डोक्यावर घेतली आणि हळूहळू, पाय चाचपत पाण्यात शिरला. गुडघे, मांड्या, कंबर. तिथे तो थांबला, आमच्याकडे वळला आणि बॅग खाली घेऊन तिचं तोंड किनाऱ्याकडे केलं. बॅगेला तोंड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्याने बॅग पाण्यात बुडवून वर काढली.

"छान," कप्तान म्हणाली.

त्याने पुन्हा बुडवून वर काढली.

"हे कशासाठी?" कप्तान म्हणाली.

"अरे, नको!" मी ओरडले. पण त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. त्याने तिसऱ्यांदा बुडवली आणि दोन्ही हात सोडले.

आणि माझ्या कानाशेजारी मावशींनी भरल्या गळ्याने आरोळी ठोकली, "पुढच्या वर्षी लवकर या!"

फिरायला आलेले दोघे जण चालता चालता थांबले, त्यांनी बघितलंही नाही काय आहे ते, हात जोडले आणि 'मोरया' म्हणून पुढे गेले.

नवऱ्याने नमस्कार केला, वाकला, तळातली मूठभर वाळू घेतली आणि मागे न बघता परत निघाला. दर वर्षी तसाच येतो. विसर्जनाहून रिकाम्या हाताने यायचं नसतं, वाळू आणायची असते. चेहऱ्यावर तोच भाव, घर आता सुनं सुनं वाटेल असा. अर्ध्या वाटेवर त्याला आमची तोंडं दिसली. त्याने आधी मुठीकडे पाहिलं. मग मागे पाहिलं.

"तरंगतेय!" कप्तान म्हणाली. शपथेवर सांगते, त्या क्षणीही तिला आधी समाधानच झालं.

तरंगत होती खरी. नारिंगी, ताठ, डौलात, ओहोटीबरोबर निघाली होती.

"आत माझा पासपोर्ट आहे," मी म्हणाले.

"जांव दे!" खुर्चीतून बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज इतका खूश होता. "बरां झाला. जांव दे!"

मी ओढणी मावशींकडे फेकली आणि धावले.

आता बाबांना मी पोहते हे माहीत होतं. म्हणजे कुणाचा तरी मुलगा जर्मनीत असतो हे जसं माहीत असतं, तसं. दादरच्या तरणतलावावर मी सकाळी जायचे आणि ओले केस घेऊन यायचे, एवढंच त्यांनी पाहिलेलं. मला पाण्यात त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मीही त्या वेळी त्यांचा विचार करत नव्हते. चौपाटीच्या पाण्यात तोंड घट्ट मिटून पोहावं लागतं, आणि माझ्यासारख्या बाईला तोंड मिटून ठेवायचं तर सगळं लक्ष तिकडेच द्यावं लागतं. बॅग पुढे, मी मागे. दोनदा पट्ट्याला बोटं लागली आणि तो निसटला. तिसऱ्या खेपेला धरला. बॅगेवर छाती टाकली तर तिने मला सहज तोलून धरलं. मला तिचं भारी कौतुक वाटलं. तूरडाळीसकट तरंगत होती बिचारी.

मग मी किनाऱ्याकडे वळले आणि मला खुर्ची रिकामी दिसली.

बाबा पाण्यात होते. चपलांसकट, पँट न दुमडता, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे. नवऱ्याने एका हाताने त्यांचा दंड पकडला होता, दुसऱ्या हाताची मूठ अजून वाळू धरून होती. बाबा हात वर करून काहीतरी ओरडत होते. लाटांमुळे ऐकू येईना. मला वाटलं, माझं नाव घेताहेत. मी पाय मारत राहिले. जवळ आले तेव्हा शब्द कळले.

"दोरी खंय? बॅगेक दोरी कित्याक नाय? कोणाक अक्कल हा काय नाय? दोरयेशिवाय बॅग सोडतत दर्यात?"

हे ते कप्तानला विचारत होते, नवऱ्याला विचारत होते, एकूण चौपाटीला विचारत होते. शेवटी मावशींना राहवलं नाही.

"दोरयेर तुमची लुंगी सुकता!"

बाबांचा वर केलेला हात खाली आला.

मी पाण्यातून चालत त्यांच्यापुढे येऊन उभी राहिले. केसांतून पाणी गळत होतं, छातीशी बॅग. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, जणू मोजून घेत होते.

"इलंस?"

"इलंय," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला आणि बॅगेचा पट्टा माझ्याबरोबर धरला. वाळूपर्यंत आम्ही ती दोघांनी मिळून आणली. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी जावयाकडे मोर्चा वळवला. "तुमका तरंगवूक सांगलेला का बुडवूक? आणि वर म्हणतत फुडल्या वर्षी!"

"ते मी नाही हो म्हटलं, मावशी म्हणाल्या!"

"फुडल्या वर्षी कित्याक?" बाबा मावशींवर उखडले. "म्हयन्याभरात येवक व्हयी ती!"

कप्तान समुद्राकडे बघायला लागली, मावशी माझी ओढणी पिळायला लागल्या, खरं तर ती कोरडीच होती. नवऱ्याने मूठ उघडली.

"या वाळूचं आता काय करू?"

"घराक न्या," मावशी म्हणाल्या. "देवाकडे ठेवा. ती परत येयपर्यंत."

घरी आल्यावर बाबा ओल्या पँटीतच गॅलरीत गेले. लुंगी काढून खांद्यावर टाकली, बनियन माझ्या हातात दिले आणि दोरीची दोन्ही टोकं सोडली. मग बॅग पायांत धरून खाली बसले. दोरी पट्ट्यातून ओवली, बॅगेच्या गुंडाळलेल्या तोंडावरून एक वेढा घेतला, कारण त्या प्लॅस्टिकच्या क्लिपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मग बोटं इतक्या झरझर चालली की नवऱ्याला व्हिडिओ काढायचा होता तो राहूनच गेला.

कप्तान दारात उभी होती. "काका, वेळ आलीच तर एका हाताने सुटेल ना?"

"ह्यां टोक वढल्यान काय सुटली." त्यांनी टोक मला दाखवलं. मला ते माहीत होतं हे त्यांनाही माहीत होतं. "पण ही वाटेत सोडूची नाय. तिकडे पोचलंस तरी सोडूची नाय. घराक येवन सोड."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ती एकदाच सोडली, मी तूरडाळ काढून यंत्र आणि नळकांड्या आत ठेवेपर्यंत शेजारी उभे राहिले, आणि पुन्हा बांधली.

समुद्रात ती बॅग शिडीच्या पायथ्याशी अडकवलेली असायची. वर जाताना माझा हात तिला लागायचा, खाली येताना लागायचा. एकदा आमच्या गळाला चांगला हातभर मासा लागला. कप्तानने मासा पाहिला, मग बॅगेकडे पाहिलं.

"त्या पुडीतला मसाला..." ती म्हणाली.

"नाही हं," मी म्हटलं. "गाठ आहे."

जिला अख्खी बोट घाबरायची, त्या बाईने निमूटपणे मासा मीठ आणि तिखट लावून तळला. तिकडे पोचल्यावर मी घरी फोन करून पोचल्याचं सांगितलं, तेव्हा बाबा फक्त 'हूं' म्हणाले. बॅगेतलं सामान बोटीवरच ठेवायचं होतं. मी गाठीला धक्का न लावता क्लिप काढून, वेढ्याखालून हात घालून, कसरत करत एकेक वस्तू बाहेर काढली आणि रिकामी बॅग दोरीसकट विमानातून आणली.

घरी आले तर बाबा खुर्चीत. देव्हाऱ्यात वाटीत वाळू. मावशी दारात नारळ घेऊन उभ्या. तोच नारळ होता की दुसरा, हे मी विचारलं नाही.

"उशीर केलंस," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या समोर फरशीवर बसले. बॅग मांडीवर घेतली. खारं पाणी पिऊन दोरी कडक झाली होती, पण टोक ओढलं तशी गाठ मऊपणे उलगडली. मग मी पर्समधून मोबाइल काढला आणि त्यांचा नंबर लावला. समोरच्या टीपॉयवर त्यांचा मोठ्या आकड्यांचा फोन कर्कश वाजायला लागला. ते माझ्याकडे बघत राहिले. वाजू दिला, वाजू दिला, मग चष्मा लावून उचलला.

"हॅलो," बाबा म्हणाले. "कोण?"

"मी बोलतेय बाबा. गाठ सोडली."

"बरां," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग दोरी उचलून, वेटोळं करत, गॅलरीत गेले.